मी टाकलेलं नाही ते सगळं

"हे बघ, परत आलं! दर दहा मिनिटांनी नाचतंय डोळ्यांसमोर. काढून टाक मेल्याला."

टॉलेफसनबाईंनी लॅपटॉप माझ्या टेबलावर आपटला. पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकट उड्या मारत होती, 'तुमचा संगणक धोक्यात आहे.' धोका कसला, डोंबल! नव्या लॅपटॉपबरोबर कंपन्या कचरा कोंबून देतात. तीन महिने फुकट चालतो, मग जीव नकोसा करतो.

"काय काय काढू, बाई?"

"मी टाकलेलं नाही ते सगळं. माझी पत्रं आणि फोटो तेवढे ठेव. कळलं का, ड्वेन?"

"कळलं, बाई."

मी त्रेपन्न वर्षांचा. मिनेसोटाच्या या थंडगार टोकाला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, गुडघा दुखतो, नातू आहे. पण बाईंनी 'कळलं का' म्हटलं की अजून पाठ ताठ होते. तिसरीत होतो त्यांच्या वर्गात. बोट ठेवून वाच, आधी प्रश्न मग उत्तर, हे त्यांचं पालुपद. मी प्रश्न अर्धा वाचून उत्तर लिहून मोकळा. 'ड्वेनला घाई,' असं त्यांनी माझ्या प्रगतिपुस्तकातसुद्धा लिहिलं होतं.

आणि गंमत बघा, हेच मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना सुनावत आलोय. चौकट आली की वाचा हो आधी! भराभर 'हो' दाबता आणि मग माझ्याकडे रडत येता.

दुपारी डाव्या हातात सँडविच धरून मी बाईंचा कचरा काढायला बसलो. तेवीस गोष्टी निघाल्या. हॉटेलं शोधणारी, पाककृती सांगणारी, दोन भांडखोर व्हायरस पकडणाऱ्या, एक पत्त्यांचा खेळ. प्रत्येक वेळी चौकट यायची, नक्की काढू? हो. हो. हो. पत्त्यांच्या खेळाच्या वेळी एक जास्तीची चौकट आली, 'अर्धवट राहिलेला डावही पुसायचा का?' मला ती दिसली होती. खोटं कशाला बोलू, दिसली होती. पण दिसणं वेगळं आणि वाचणं वेगळं. बोट आधीच 'हो'वर पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई लॅपटॉप काखेत मारून आल्या, हातात रुबार्बच्या आंबटगोड देठांच्या वड्यांचा डबा.

"छान पळतंय रे आता! वड्या खा. फक्त ते क्रिबेज कुठे ठेवलंस, तेवढं दाखव."

काल मी काढलेला पत्त्यांचा खेळ तोच. बाई आणि ऑरिन, त्यांचा नवरा, चाळीस वर्षं रोज संध्याकाळी क्रिबेज खेळायचे हे सगळ्या गावाला ठाऊक. लाकडी पाटी, तिला भोकं, गुण झाले की खुंटी पुढे सरकवायची. शरद ऋतूत ऑरिनला अर्धांगाचा झटका आला. बोटं थरथरायला लागली, खुंट्या सोफ्याखाली गडगडायच्या. मग बाईंनी हा लॅपटॉप घेतला, त्यात नुसतं बोट टेकवलं की पुरे. जानेवारीत ऑरिन गेला.

"एक डाव राहिलाय आमचा त्यात," बाई म्हणाल्या.

"मुदत संपली असेल, बाई. कंपनी आपणहून काढून घेते." इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. "ठेवून जा, बघतो काही होतंय का."

"असं होय," त्या म्हणाल्या. "बघ हं. डबा सावकाश दे."

तीन दिवस मी त्या लॅपटॉपची आतडी उपसली. खेळ परत बसला, का नाही बसणार! पण उघडला की हसऱ्या अक्षरांत विचारायचा, 'नवा डाव सुरू करायचा?' मी दर वेळी बंद करायचो. वड्यांना हात लावला नाही. शेवटी बायकोने दुसऱ्या भांड्यात काढल्या आणि डबा धुऊन दिला.

आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. मी रिकामाच घेऊन गेलो. सुचलंच नाही काही.

स्वयंपाकघरात बाईंनी पातळ कॉफी ओतली. मी बसलो नाही.

"बाई, कंपनीनं नाही काढला. मी काढला. विचारलं होतं संगणकानं, डाव पुसू का म्हणून. मी वाचलं नाही."

त्यांनी कॉफीचं भांडं परत शेगडीवर ठेवलं.

"मग त्या दिवशी खोटं का बोललास?"

"घाबरलो."

"तिसरीतही असाच होतास." मग त्याच म्हणाल्या, "मीही काय सांगितलं तुला! मी टाकलेलं नाही ते सगळं. तो खेळ काय मी टाकला होता?"

"तसं नका म्हणू, बाई. चूक माझी आहे."

त्यांनी कपाटातून लाकडी पाटी काढली, ॲप्रनने पुसली आणि दोन खुंट्या लावल्या. बोटं जराही अडखळली नाहीत.

"तो एकशे सोळावर. मी एकशे बारावर. एकशे एकवीसला संपतं. खेळी माझी होती. रोज उघडायचे, बघायचे, बंद करायचे. खेळले असते तर संपला असता ना डाव."

"पत्ते आठवतात?"

"माझे आठवतात. दोन पंज्या, गुलाम, सत्ती." त्या थांबल्या. "त्याचे उपडे होते रे. मी कधी चोरून पाहिले नाहीत."

मी लॅपटॉप टेबलावर ठेवला, डबा शेजारी ठेवला. माफी मागितली, ती माझी मलाच फुटकळ वाटली.

"जिंकणारच होता लबाड," बाई म्हणाल्या आणि हसायला गेल्या, पण ते हसू काही पुरं झालं नाही.

निघताना त्यांनी डबा उचलून हलवला. रिकामा. फ्रीजमधून उरलेल्या वड्या काढल्या, भरल्या, झाकण दाबलं आणि माझ्या हातात दिला.

"बर्फ आहे पायऱ्यांवर. घाई करू नकोस."

ही मार्चमधली गोष्ट. आता जून लागलाय. बाईंचा डबा दुकानात कपाटावर आहे, धुऊन ठेवलेला. रिकामा परत करता येत नाही, आणि त्यात काय घालावं ते मला अजून सुचलेलं नाही.