पेपरच्या दिवशीचा पहारा

मित्रांनो, मी पाबळजवळच्या एका गावातल्या देवळाची जुनी वीणा आहे. आज मी जरा फुशारकी मारणार आहे, तेवढी ऐकून घ्या.

सोलापूरकडच्या एका कारागिराने वाळवलेल्या भोपळ्यातून मला घडवलं. गावचे वीणेकरी जयसिंग आबा यांनी दौंडपर्यंत रेल्वेनं मला मांडीवर घेऊन आणलं, बाकावर टेकवलंसुद्धा नाही. गावच्या सप्ताहात सात दिवस मी कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते. दोन-दोन तासांचा पहारा, आणि पुढचा माणूस आल्याशिवाय मला सोडायचं नाही, हा नेम. सप्ताह संपला की वर्षभर खुंटीवर धूळ खाते. असो.

आबांचा कॉलेजवर राग होता. त्यांचा थोरला विक्रम पुण्याला शिकायला गेला आणि गळ्यातली माळ काढून आला. सुदर्शन हा गावातला गुणी माळकरी पोरगा शिरूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता. आबा त्यालाही टोमणे मारत, "माळकऱ्याला डिग्री कशाला रं? देव काय मार्कशीट बघतोय व्हय?"

गेल्या वर्षी सप्ताह आणि परीक्षा एकाच आठवड्यात आल्या. शेवटचा पेपर अकराला. सुदर्शनचा पहारा सात ते नऊ. नऊ वाजले, साडेनऊ झाले, तरी पुढच्या पहाऱ्याच्या पप्पूचा पत्ता नाही. दूध घालायला गेला होता, गाडी वाटेत बंद पडली. पारायणाला बसलेली मंडळी अध्याय अर्धा टाकून उठत नाहीत. शिरूर तासाभराच्या वाटेवर. सुदर्शनच्या तळव्यांचा घाम माझ्या दांडीला लागत होता.

त्याची आई सविता धावत आली. तिच्या गळ्यात माळ नव्हती, म्हणून मला ती घेऊ शकत नव्हती. "आरं, टांग खुंटीला! दोन मिन्टांनी देव काय रुसतोय?"

"न्हाई आई. पहारा मोडायचा न्हाई. पेपर पुढल्या वर्षी दीन."

खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला माझाच राग आला.

खुर्चीवर बसलेल्या आबांनी ते ऐकलं. गुडघ्यांपायी त्यांनी दोन वर्षं पहारा सोडला होता. ते काठी टाकून उठले.

"आण हिकडं."

"आबा, तुमचं गुडघं..."

"गुडघं माझं हायेत. तू पेपर गाठ."

वीणा देताना-घेताना दोघं एकमेकांच्या पाया पडतात. आबांनी ते दुखरे गुडघे वाकवले आणि विशीतल्या पोराच्या पायांना हात लावला. सुदर्शनचे डोळे भरले. मग त्यानं मोटारसायकलला किक मारली.

साडेदहाला पप्पू ओशाळत आला. आबांनी मला दिलंच नाही. "दोनला पेपर सुटतो. तवर मीच हुबा." आणि राहिले की हो!

सुदर्शन पहिल्या वर्गात पास झाला. आता तो रांजणगावच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे आणि संध्याकाळी हरिपाठाला देवळात. गळ्यात माळ तशीच. यंदाच्या सप्ताहाच्या फ्लेक्सवर आबांनी दटावून छापून घेतलं, 'वीणेकरी ह.भ.प. सुदर्शन, बी.एस्सी.' येणाऱ्या-जाणाऱ्याला ते बोट लावून दाखवतात.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, तारा बदला, एवढं मागायचा मला हक्क आहे. पण माझा मान राखताना कुणाचं शिक्षण अडवू नका. परवा पहाऱ्याची यादी होत होती. नातीच्या नावापाशी आबांनी लिहिणाऱ्याचा हात धरला.

"थांब. हर्षदाचा पेपर कवा हाय, ते आधी इचार."