कळत नाही, तरी वळतो

चपलांच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. छताच्या हुकाला जाड सुती दोरा, दोऱ्याच्या टोकाला बोट रोखलेला लाकडी हात, आणि त्याखाली दोरेबाबा.

“माणसाला कळतं पण वळत नाही,” बाबा म्हणाले. “दोऱ्याला कळतं, म्हणून वळतो. तोंड असतं तर बोललाही असता. पण तोंडवाले काय बोलतात ते आपण ऐकतोच.”

लोक हसले. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई हसल्या नाहीत. पुढचा नंबर त्यांच्या दादाचा होता. दादाला क्षय होता. गोळ्यांनी खोकला उतरला होता, अंग धरत होतं, आणि आता बरं वाटतंय म्हटल्यावर त्याला गोळ्याच नकोशा झाल्या होत्या.

“गोळ्या सोडू का?” दादाने विचारलं. बाबांनी ओला हात दोऱ्यावरून वरून खाली फिरवला. लाकडी हात संथपणे फिरला. बोट उजवीकडे थांबलं.

“उजवं म्हणजे हो. औषध सोड.”

डॉक्टर निदान नाडी तरी बघतात. बाबांना दोरी पुरली.

बाईंनी घरी सुती दोऱ्या टांगल्या, खाली चमचे बांधले, पाणी लावलं आणि चमच्यांची भ्रमंती पाहिली. पुढच्या बैठकीला त्या दोऱ्या घेऊनच गेल्या.

“दोरोबा, आज मंगळवार आहे का?” त्यांनी एक दोरी टांगून तिलाच विचारलं आणि ती भिजवली. चमचा उजवीकडे.

“आज बुधवार आहे का?” तशीच दुसरी कोरडी दोरी भिजवली. उजवीकडे.

उलट्या पिळाच्या दोन दोऱ्यांनी मात्र डावीकडे वळून दोन्ही वार नाकारले.

“सुताचे तंतू पाणी पिऊन फुगतात,” बाई म्हणाल्या, “आणि पीळ उलगडायला लागतो. पीळ उलटा, तर फिरणंही उलटं. सुकला की दोरा परत येतो. बाबांकडे दोन्ही पिळांचे दोरे आहेत. कोणाला काय ऐकायचंय ते बघून टांगतात.”

“बरोबर आहे,” बाबा म्हणाले आणि बाहीतून दुसरा दोरा काढून दाखवला.

मग पुढच्या रांगेतले आजोबा म्हणाले, “म्हणजे बाईंचाही वळतो.”

“शिकलेल्या आहेत,” मागून कोणीतरी म्हणालं. “त्यांचा जास्तच वळणार.”

बाबा सरकले. “बसा, बाई.”

रांग बाईंकडे तोंड करून उभी राहिली. बाई दोऱ्या गुंडाळून घरी आल्या, तर दादा हजर.

“आता तूच बघ. गोळ्या घेऊ का?”

“अरे दादा, मी ठरवीन तिकडेच वळेल ते.”

“म्हणून तर तुला विचारतोय.”

बाईंनी दोन्ही पिळांच्या दोऱ्या काढल्या. मग त्यांनी एक टांगली आणि भिजवली. चमचा गोळ्यांच्या डबीकडे वळला. दादाने मुकाट्याने गोळी गिळली. आयुष्यात एवढी लाज बाईंना कधी वाटली नव्हती.

पुढच्या आठवड्यात दादा बाबांकडेही जाऊन आला.

“त्यांचा दोरा सोड म्हणतो, तुझा घे म्हणतो. दोघांचाही मान राखला. एक दिवसाआड घेतो.”

अर्धवट औषधाने क्षय मरत नाही, मुरतो. दादाच्या रुमालावर रक्त दिसलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, “नेहमीच्या गोळ्यांना आता दाद देईल असं वाटत नाही.”

घरी कुठलाही पीळदार सुती दोरा टांगा, भिजवा, बघा. वळेल. त्याला काही विचारू नका. विचारायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत औषध थांबवू नका. बाई हे दादाला रोज सांगायच्या.

“कळतंय गं,” दादा म्हणायचा.

त्याला खरंच कळत होतं. वळत होता तो फक्त दोरा.