कावेरीची ओटी

"थांबा की हो! लेक सासरी चाललीय, आन तुम्ही पोतं उचलल्यागत उचलालाय!"

गंगव्वा ताट घेऊन खोक्यासमोर आडवीच उभी राहिली. ताटात तांदूळ, नारळ, हळकुंड आणि इरकली खण.

लेक म्हणजे कावेरी, दूर समुद्रातल्या बेटावरचं महाकाय कासव. खलाशांनी ही जात खाऊन खाऊन संपवत आणली होती. आता उरलीसुरली जपायची म्हणून बंगळूरच्या या प्राणिसंग्रहालयात एक पिल्लू आलं, तेव्हा ते जेमतेम भाकरीएवढं होतं. इथं प्राण्यांची देखभाल करणाऱ्या निपाणीकडच्या गंगव्वाला मूलबाळ नव्हतं. तिनं जास्वंदी भरवून त्याला असं वाढवलं, की आता चार गडी लावले तरी हलेना! परराज्यात एक एकटा नर होता, त्याच्याकडे आज रवानगी होती. आठवडाभर गंगव्वाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पण लेक कुणाची जन्मभर माहेरी राहिलीय?

तिनं पाठीला हळदकुंकू लावलं, खण पुढ्यात ठेवला. कावेरीनं तो लगेच तोंडात धरला.

"अक्का, नटायची घाई झालीय बघ हिला!" गाडीवाला परसू हसला.

खण सोडवला, खोक्यात उतरवायला दोर ओढले, कावेरी अधांतरी झाली. पुण्याहून नव्यानं आलेली डॉक्टर निधी खाली वाकली आणि ओरडली, "एक मिनिट! पोट आत गेलंय, शेपूट केवढं लांब! गंगव्वा, हा मेल आहे. मुलगा आहे तुमचा!"

"काय सांगतासा?"

"लहानपणी ओळखता येत नाही. तेव्हा कुणीतरी अंदाजानं मादी म्हटलं असेल, नंतर खालून कुणी पाहिलंच नसेल. आता पाठवणं कॅन्सल. तिकडेही नरच आहे ना!"

गंगव्वानं बसकणच मारली. "मुडद्या, गुमान ओटी भरून घेतलास की रं!" ती हसत होती आणि डोळे घळाघळा वाहत होते. लेकरू राहिलं होतं.

"आता इकडेच मादी आणायची," निधी म्हणाली. "पण परमिशन्सनाच वर्षं जातात हो."

गंगव्वा तर डिसेंबरात निवृत्त होणार होती. खणाची लाळ पदरानं पुसून, नीट घडी घालून तिनं तो निधीच्या हातात दिला.

"सून आली की तिची ओटी भरा, डॉक्टरबाई. मी असंन, नसंन."

"असं काय बोलता? तुम्हीच भराल."

"सरी, सरी, भरंन. पण ऱ्हाऊ दे तुमच्यापाशी."

कावेरीला खाली उतरवून दोर सोडले, तशी तिनं कंबरेवर हात ठेवून हाक मारली, "चल गं बाई... चल रं बाबा!"

पाठीवर हळदकुंकू मिरवत लेक तिच्या मागोमाग डुलत निघाला.