झाकणावरचा चहाचा डाग

हे सांगू का नको, असं लई दिवस चाललं होतं. जवळजवळ सोडूनच दिलं होतं. एका डब्याचं कोण ऐकणार? पण सांगतो.

मित्रांनो, मी एक जुना अॅम्प्लिफायर आहे. लाउडस्पीकरवाल्याचं यंत्र. भिंगारच्या छगन मिस्त्रीनं मला स्वतःच्या हातानं जोडलं. खोकं लष्कराच्या भंगारातलं. समोर फिरवायची पाच बटणं. तीन माइकची, एक रेकॉर्डचं, आणि एक मोठं, सगळ्यांचा मिळून आवाज वरखाली करणारं. पोटात बल्बासारखे काचेचे व्हॉल्व.

पंधरा वर्षं कामं केली. लग्नं, सभा, कुस्त्या. लोक म्हणायचे, छगनचा सेट असला की शेवटच्या माणसालाबी शब्द न् शब्द कळतो.

छगनची एक सवय होती. मला चालू केलं की माझ्या झाकणावर चहाचा ग्लास ठेवायचा. सावकाश प्यायचा. मगच बटणाला हात. घरी आल्यावर झाकणावरचा गोल डाग पुसता पुसता त्याची बायको रतनबाई चिडायची.

"मानसं खोळंबत्यात अन् ह्यांचा चहा! देव भेटला तरी आधी चहाच मागतील."

तो नुसता हसायचा. आधी चहा का, ते कधी सांगितलं नाही.

बाहत्तरच्या वैशाखात छगन तापानं गेला. चार दिवसांत. मला काही वाटलं नाही. मी पोत्याखाली गार पडून होतो. रतनबाईबी तशीच. स्वैपाक करायची, झाडायची, गप्प बसायची. रोज माझी धूळ पुसायची. डाग तेवढा ठेवायची.

तीन महिन्यांनी छगनचा दोस्त हैदर आला. सायकल दुरुस्तीवाला.

"वहिनी, कर्जतचा एकजन सेट मागतोय. देऊन टाकू?"

"न्हाई. मी चालवते."

"तुमी? बटनं तरी ठाऊक हायेत का?"

"पंधरा वर्सं पुसलीत की."

ठरलं असं. पंधरा ऑगस्टला केडगावच्या शाळेत बक्षीस समारंभ. जमलं तर मी घरात. नाहीतर दुसऱ्या दिवशी कर्जत.

हैदरनं कर्णे लिंबाला बांधले. रतनबाईनं त्यांची तोंडं पोरांकडं वळवली, माइक मागं ठेवला. इथवर बरोबर. मग मला चालू केलं. आवाज नाही. माइकचं बटण फिरवलं. नाही. मोठं फिरवलं. नाही. हेडमास्तर घड्याळ बघायला लागले. तिनं पाचही बटणं शेवटपर्यंत पिळली.

मी मेलो नव्हतो, मित्रांनो. गार होतो. माझे व्हॉल्व तापायला वेळ लागतो. पण मी सांगणार कसं? ते तापले, अन् मी एकदम किंचाळलो. पोरांनी कान झाकले. कुणाची तरी शेळी दावं तोडून पळाली.

"ओ बाई, चूल न्हाई ती!" मागनं कुणीतरी ओरडलं. सगळे हसले.

हैदरनं वायर उपटली. "ऱ्हाऊ द्या वहिनी. देऊन टाकू."

रतनबाई माझ्या झाकणाकडं बघत होती. त्या डागाकडं. 

"हैदरभाई, चहा आना."

"आत्ता? मानसं खोळंबलीत!"

"आना म्हन्ते ना."

चहा आला. तिनं पाचही बटणं शून्यावर नेली, वायर परत लावली. मला चालू केलं. ग्लास बरोब्बर डागावर ठेवला. घोट घोट प्यायली, कुणाकडं न बघता. ग्लास रिकामा झाल्यावर मोठं बटण अर्ध्यावर आणलं. मग माइकचं, हळूहळू. बारीक शिट्टी आली तशी जरा मागं घेतलं.

"हालो," ती म्हणाली.

शेवटच्या रांगेतल्या म्हातारीनं मान हलवली. ऐकू आलं.

ती रडली नाही. मलाही काही वाटलं नाही. नुसता गरम होतो. तीन महिन्यांनी.

टांग्यात हैदर एवढंच बोलला, "कर्जतवाल्याला न्हाई म्हनून सांगतो."

मित्रांनो, यंत्र गप्प असलं म्हणून त्याला पिळू नका. जरा थांबा. ते आतून तयार होत असतं.

रतनबाई मांडीवर मला धरून बसली होती. छगन मालक होता. ही मला दोस्त वाटली. तिला मी शब्द दिला. रतनबाई, तुम्ही चहा प्या निवांत. ग्लास रिकामा होईल तेव्हा मी तापलेला असेन. दर वेळी.