उलटं बांधलेलं बायबल

बहिणीचं बायबल माझ्याकडे अकरा वर्षं पडून होतं. मूळचं ते वडिलांचं. त्यांच्या मागे ते तिच्याकडे गेलं आणि शिवण उसवली म्हणून तिने माझ्याकडे बांधायला दिलं. मी आयुष्यभर बुकबाइंडिंग केलं. नेमक्या त्याच पुस्तकाला मी पुठ्ठा उलटा चढवला. वरची सोनेरी अक्षरं सुलट धरली की आतले सगळे संदेष्टे शीर्षासन करतात. हे मला खळ वाळल्यावर कळलं. दुसऱ्या कुठल्या पुस्तकाला मी असं केलेलं नाही. निदान मला आठवत नाही.

पुन्हा उसवलं असतं तर जुना कागद टिकला नसता. म्हणून मी "होतंय, होतंय" म्हणत राहिलो. शेवटी ती म्हणाली, "सरळ सांग ना दादा, तुला ते ढापायचंय." लाजेपोटी मी गप्प बसलो. तेव्हापासून तीही गप्प.

आता शनिवारी ती कायमची मुलाकडे राहायला निघाली होती. देवाची आज्ञा काय ते मला ठाऊक होतं: जा आणि समेट कर. म्हणून मी गेलो. पण नेहमीसारखा बुधवारच्या प्रार्थना मंडळाकडे.

मंडळाची एक वही आहे. तीत विनंती लिहिली की उत्तर मिळेपर्यंत दर बुधवारी ती वाचतात आणि सगळे प्रार्थना करतात. वही एक निवृत्त मुख्याध्यापिका सांभाळतात. माझी विनंती तीत सात महिने होती. मी बायबल पिशवीतून नेऊन टेबलावर ठेवायचो, बाई म्हणायच्या, "घाई नको, प्रभू संकेत देईल," सगळे आमेन म्हणायचे आणि मी सगळ्यांत मोठ्याने. इतकी भली संगत असल्यावर स्वतः काही करावं लागत नाही.

त्या बुधवारी मंडळाच्या खोलीत, कोपऱ्यातल्या सिंकखाली एक प्लंबर आडवा झाला होता. त्याचे नुसते पाय दिसत होते. बाईंनी माझी विनंती वाचली.

"काका, बहीण राहते कुठे?" पायांकडून आवाज आला.

"लांब. दोन बस बदलाव्या लागतात."

"माझ्या गाडीने वीस मिनिटं."

"आम्ही संकेताची वाट पाहतोय," बाई म्हणाल्या.

"सात महिने? एका नळाला मी सात महिने लावले तर तुम्ही मला जोड्याने माराल." त्याने पाइपातून केसांचा काळा बोळा ओढून काढला. "हा बघा. हाही आत बसून वाटच बघत होता."

मी हसलो. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिसरीत नापास झालोय.

गाडीत तंबाखूचा वास होता. प्रत्येक सिग्नलला प्लंबर एक नवी शिवी द्यायचा.

"तुम्ही चर्चला जाता?" मी विचारलं.

"बाप्तिस्मा झालाय. पण तेव्हा मी झोपलो होतो."

"ती घरी नसेल. परत फिरू या."

"मग पायरीवर बसू."

"मी आधी थोडी प्रार्थना करतो."

"करा की. गाडी मी चालवतोय."

बहिणीने दार उघडलं. तिचे सगळे केस पिकले होते. सात महिने पाठ केलेलं वाक्य मला आठवेना, म्हणून मी नुसतं पुस्तक पुढे केलं. तिने ते उघडलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"उलटं बांधलंयस."

"हो."

"आणि म्हणून अकरा वर्षं?"

"लाज वाटली."

ती सामानाच्या खोक्यावर बसली. "मी इतकी वर्षं तुला चोर समजत होते. तू तर नुसता गाढव निघालास, दादा."

मला फार बरं वाटलं. मागून प्लंबरने डोकं आत घातलं. "ताई, मोरीतला नळ गळतोय. बाहेरपर्यंत ऐकू येतंय."

"हा कोण?"

"माझ्या ओळखीतला," मी म्हणालो, आणि जरा ऐटीतच म्हणालो.

पुढच्या बुधवारी बाईंनी वहीत माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली. "बघा, प्रभूने ऐकलं. संकेत कसा मिळाला, सांगाल मंडळींना?"

मी उभा राहिलो.

"सिंकखालून," मी म्हणालो.

आमेन कोणीच म्हटलं नाही.