गाठीचा हात

"चारशे तीन पॉइंट सात," उर्वशी मॅडम म्हणाल्या आणि मोजचाक उभं करून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "तिसऱ्यांदा तेच आलं, सर."

राजदीप सरांनी आकड्याकडे असं पाहिलं, जणू डोळे वटारल्यावर तो खाली येईल. सर कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवायचे आणि गेले पंधरा दिवस त्यांनी दिग्रसमध्ये कोणालाही सुखानं झोपू दिलं नव्हतं. राज्याच्या ग्रामीण मैदानी स्पर्धा यंदा यवतमाळ जिल्ह्यात व्हायच्या, एवढं नक्की होतं. जिल्ह्यात कुठे, ते नागपूरहून आलेल्या या बाई ठरवणार होत्या. त्यांच्या वहीत तीन नावं होती : दिग्रस, पुसद आणि वणी. छत्तीस जिल्ह्यांची पोरंपोरी गावात येणार म्हणून सरांनी मंगल कार्यालयंसुद्धा हेरून ठेवली होती, आणि आता धावण्याची वाटच चारशे मीटरची नाही असं निघालं होतं.

"जास्तच हाये ना मॅडम?" मागून आवाज आला. "कमी तं नाई?"

हा फुलसिंग आडे. कागदोपत्री कॉलेजचा शिपाई, पण एकोणतीस वर्षांत त्यानं ऑफिसात कोणाला पाण्याचा ग्लास दिल्याचं कोणाला आठवत नव्हतं. तो मैदानाचा माणूस. रोलर फिरवणं, गवत काढणं, पाणी मारणं आणि पांढऱ्या फक्कीनं रेषा आखणं, हे त्याचं काम. आखणी तर त्याच्याशिवाय कोणी करायचीच नाही. निवृत्तीला सहा महिने उरले होते. जाता जाता आपल्या रेषांवरून सारं राज्य धावेल, या आनंदात तो सकाळपासून नवा सदरा घालून उभा होता.

"काका, जास्त पण चालत नाही," मॅडम हसून म्हणाल्या. "चारशे म्हणजे चारशे."

फुलसिंगचा चेहरा उतरला. कमी भरलं असतं तर त्याला लाज वाटली असती. जास्त भरलं यात गुन्हा काय, हे त्याला कळेना. त्यानं जरा वेळ विचार केला आणि विचारलं, "मंग आठशेच्या रेसले किती जास्त होते?"

"दोन चकरा. म्हणजे साडेसात मीटर धरा."

"पोरीले त्याले किती टाइम लागते?"

"चांगली धावणारी असेल तर सव्वा सेकंद. काहून?"

फुलसिंग मागे सरकला. रोलरच्या दांड्यावर बसला. कोपऱ्यावरच्या जिनिंगमधून कापसाचे तंतू उडत होते आणि पांढऱ्या रेषेवर येऊन पडत होते. एरवी त्यानं ते उठून वेचले असते.

चौदा वर्षांपूर्वी त्याची पोरगी रंजिता याच मैदानावर आठशे मीटर धावली होती. त्या साली निवडणुकीमुळे विभागाच्या स्पर्धा रद्द झाल्या आणि जिल्ह्याजिल्ह्यात लागलेल्या वेळा पाहूनच राज्याचा संघ निवडायचं ठरलं. दोन मिनिटं पंचवीस सेकंदांच्या आत येईल ती जाईल. रंजिता पहिली आली, दोन मिनिटं सव्वीस सेकंदांत. तिनं दुसऱ्याच दिवशी आपले खिळ्यांचे बूट तांड्यातल्या एका मुलीला देऊन टाकले आणि पुन्हा मैदानात पाय ठेवला नाही. आता ती दिग्रसच्या डेपोत कंडक्टर होती. घरात दूध उतू गेलं किंवा कोणाची गाडी सुटली की तीच म्हणायची, "एका सेकंदानं हुकलं." सगळे हसायचे, फुलसिंगही हसायचा. मात्र हसून झाल्यावर त्याचं जेवणात लक्ष लागत नसे.

राजदीप सर त्याच्याजवळ येऊन वाकले. "काका, मी सांगतो तसं म्हणा. मागच्या साली प्रदर्शन भरलं होतं तवा जेसीबी फिरली, खुंट्या हालल्या. आपलं माप बरोबरच होतं. समजलं?"

समजायला काय, फुलसिंगला सगळं समजलं. खुंट्या मागच्या वर्षी हलल्या असं एकदा ठरलं, की त्याआधीचं सारं बरोबर होतं असंच होणार. सरांची अब्रू राहील, त्याची राहील, आणि रंजिताला तर काही सांगायलाच नको. चौदा वर्षं जे होतं तेच पुढे चालू राहील. दोन मिनिटं त्याला हा विचार फार गोड वाटला, आणि मग स्वतःचा राग आला.

तो उठून मॅडमकडे गेला. "खुंट्या कोणी हालवल्या नाई, मॅडम. हे म्या केलं."

"म्हणजे?"

मग त्यानं आजापासून सुरुवात केली. आजा, धावजी, बैलांवर माल लादायचे दिवस संपल्यावर बाजारात अंबाडीचे दोर विकायला बसायचा. दोर हातानं मोजायचा, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात. गिऱ्हाइकानं वीस हात मागितले की धावजी एकवीस हात द्यायचा. एक हात गाठीत जातो, तो गिऱ्हाइकाच्या पदरातून का जावा, असं त्याचं म्हणणं. त्या वरच्या हाताला घरात 'गाठीचा हात' म्हणत. फुलसिंग त्या दोरांतच लहानाचा मोठा झाला. पुढे नोकरी लागली आणि मैदान आखायचा कागद हातात आला, तेव्हा त्यानं कागदावरचं माप टेपनं चोख मोजलं, दोर खुंटीला बांधला आणि गाठीच्या पुढे वर एक हात दिला.

"गोलाच्या दोरात एक हात, आन दोन्ही सरळ बाजूले एकेक हात. मंग तिथंच खुंट्या गाडल्या. फुलसिंगनं माप कमी देल्लं असं कोणी म्हणू नये, म्हणून."

मॅडमनी वहीच्या पाठीमागे काहीतरी आकडेमोड केली. "काका, गोलाच्या दोरीत एक हात वाढवला की प्रत्येक वळण तेवढंच वाढत नाही. तिप्पट वाढतं. तुम्ही समजता दोन वळणांना दोन आणि दोन बाजूंना दोन, असे चार हात दिले. तुमचे आठ हात झाले."

"म्हणजे माह्या चारशेची टायमिंगबी..." राजदीप सर एकदम म्हणाले. ते याच कॉलेजात शिकले होते आणि याच मैदानावर धावले होते. अब्रूचं दुःख क्षणभर बाजूला राहिलं आणि त्यांच्या तोंडावर जुना धावपटू उगवला. मग ते ओशाळले.

मॅडमनी लोखंडी टेप काढला. त्यांनी पूर्वेचं वळण मोजलं, पश्चिमेचं मोजलं, दोन्ही सरळ बाजू मोजल्या. फुलसिंग टेपचं टोक धरून मुकाट फिरत होता. पाऊण तासानं त्या म्हणाल्या, "दोन्ही वळणांत बोटाचाही फरक नाही. सर, खुंट्या हललेलं मैदान असतं ना, तर मी आत्ताच पुसदला निघून गेले असते. हे चुकलेलं आहे, पण चारी बाजूंनी एकसारखं चुकलेलं आहे. ज्याला एवढं नेमकं चुकता येतं, त्याला बरोबरही करता येईल." त्यांनी वही मिटली. "आज पुसद पाहते. वणी पाहून झालं आहे. उद्या अकराला परत येते. चारशे भरलं तर बोलू."

राजदीप सरांनी त्यांना गाडीपर्यंत सोडलं. फुलसिंग तिथून सरळ बसस्टँडवर गेला.

यवतमाळची गाडी साडेचारला लागली. रंजिता मागच्या दारातून उतरली, खाकी कपडे, काखेत तिकिटाची बॅग. बॅगेचा पट्टा तुटलेला होता म्हणून ती तिनं एका हातानं धरली होती. बाप स्टँडवर कधी येत नसे. ती घाबरली आणि घरच्या बोलीत म्हणाली, "कांई वेगो, बा?" काय झालं, बा?

"काई नाई. याडी बरी हाये." आईचं नाव आधी काढून त्यानं तिची भीती घालवली. मग दोघं रसवंतीच्या बंद टपरीमागे उभी राहिली. फुलसिंगनं वाटेत बरंच जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच आठवलं नाही. "तुही ती आठशेची रेस आठशे नव्हती, बाई. साडेसात मीटर जास्त होती. म्या आखली होती."

रंजितानं बॅग दुसऱ्या हातात घेतली. मग विचारलं, "कोणं मोजलं?"

"नागपूरच्या मॅडमनं. तीनदा."

"सेकंद किती होते त्याचे?"

"सव्वा."

ती तिकिटाच्या मशीनवरून अंगठा फिरवत राहिली. "म्हणजे मी पोचली होती," ती हळूच म्हणाली. "आन मी बूट देऊन टाकले, बा."

फुलसिंगनं तोंड टपरीकडे वळवलं. त्याचे डोळे भरले होते आणि स्टँडवर निम्मे लोक ओळखीचे होते.

"हे मले सांगतलं नसतं तं भागलं असतं ना?"

"भागलं असतं. सर म्हणत होते, जेसीबीवर ढकला."

"मंग काहून सांगतलं?"

"चौदा वर्सं तू सोताले हळू समजून राह्यली, बाई. तू हळू नव्हती."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. गाडी पुसदला जायची होती. रंजितानं बापाकडे पाहिलं आणि चढली. दोनदा घंटी वाजली. फुलसिंग रस्त्याच्या कडेनं चालत घरी आला आणि बायकोनं, मथुराबाईनं, वाढलेलं ताट त्यानं तसंच ठेवलं. तिला त्यानं सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "पोरीले जरा येळ द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तो आणि राजदीप सर मैदानात होते. सरांनी रागाचा एक शब्द काढला नाही. उलट घरून थर्मासात चहा आणला होता. जुन्या खुंट्या उपटल्या. नवी मधली खुंटी ठोकली. आता एकजण खुंटीशी हवा, एकजण दोराच्या टोकाशी आणि एकजण फक्की टाकायला. दोघांत ते जमेना. सर एकदा खुंटीकडे धावत होते, एकदा फक्कीच्या डब्याकडे.

"खुंटी मी धरते."

रंजिता उभी होती. कपडे ड्युटीचेच, बॅग हातात. चौदा वर्षांनी ती फाटकाच्या आत आली होती, पण आल्याचा कोणताही गाजावाजा न करता खुंटीजवळ उकिडवी बसली. फुलसिंगनं दोर टेपवर ताणला. हा त्यानं स्वतः वळलेला अंबाडीचा दोर, ताणून ताणून आता आणखी ताणला जायचा नाही. कागदावरच्या मापाशी त्यानं चिमूट धरली, आणि त्याचा दुसरा हात सवयीनं पुढे सरकला, कोपरापासून बोटापर्यंत.

"बा," रंजिता खुंटीवरून म्हणाली. "गाठीपुरता दोर गाठीत गेला. आता वरचा हात नाई."

तो थांबला. मग त्यानं खिशातून चाकू काढला आणि जास्तीचा हात कापून टाकला. कापताना त्याला वाईट वाटलं, आजाचं काहीतरी तोडल्यासारखं. पण रेषा आखताना त्याचा हात हलला नाही.

अकराला मॅडम आल्या. चाक फिरलं. रंजिता चाकाबरोबर चालत होती, आकड्याकडे एकदाही न बघता. "चारशे पॉइंट शून्य दोन," मॅडम म्हणाल्या. "एवढं चालतं. पुसदचं मैदान छान आहे, सर, पण तिथे वळणावर पाणी साचतं. मी अहवालात दिग्रस लिहिते आहे."

राजदीप सरांनी आधी मॅडमना नमस्कार केला, मग फुलसिंगला, आणि मग काय करावं न सुचून तिथे उभ्या असलेल्या रोलरला पाठीवर थोपटावं तशी थाप मारली.

"ही काकांची मुलगी," त्यांनी रंजिताकडे बोट दाखवलं. "आठशेवाली."

मॅडमना कालचा प्रश्न आठवला असावा.  "जुन्या वेळा आता बदलता येणार नाहीत, ताई."

"बदलू नका," रंजिता म्हणाली. "मले फक्त मालूम पाह्यजे होतं."

"स्पर्धेच्या तीन दिवसांत वेळ घ्यायला माणसं लागतील. धावलेली असतील तर बरं."

"सुट्टी भेटली तं येईन."

तिची गाडी पावणेबाराची होती. तिनं घड्याळ पाहिलं, बॅग उचलली, आणि पट्ट्याचं तुटकं टोक लोंबलं. फुलसिंगनं मातीत पडलेला दोराचा कापलेला तुकडा उचलून तिच्यापुढे धरला. रंजितानं तो कडीतून ओवला, पट्ट्याला बांधला, ओढून पाहिला. निम्मा तुकडा गाठीतच गेला. बॅग अंगाशी घट्ट बसली.

"जाते, बा," ती म्हणाली. आजवर घरातून निघताना म्हणायची तसंच.

फाटक मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. उशीर होत होता म्हणून ती धावत निघाली, एक हात बॅगेवर ठेवून. गवतातून सरळ तिरपी गेली असती तर लवकर पोचली असती. ती नव्या पांढऱ्या रेषेच्या कडेनं, वळण घेऊन गेली.