शत्रूची वर्षं

सगळ्या वैतागाचं मूळ एका सलामीत होतं.

गेल्या नोव्हेंबरात, वीरदिनाच्या मिरवणुकीत, एका खऱ्याखुऱ्या म्हाताऱ्या सैनिकाने चाक सोलिकिनला, म्हणजे सोलिकिनदादाला, सलाम ठोकला. म्हातारा पंचेचाळीस साली सुराबाया शहराच्या रस्त्यांवर जपान्यांशी लढलेला, आता चाकांच्या खुर्चीत बसून असायचा, नजर अधू झालेली. सोलिकिनचं टायरचं दुकान. उंदीर मारायचा तरी बायकोला हाक मारणारा माणूस, पण छातीवर पदकं इतकी लावलेली की खालचं कापड दिसेना, आणि त्यातली दोन-तीन तर खरी, जुन्या बाजारातून घासाघीस करून आणलेली. म्हाताऱ्याला वाटलं कोणी सेनापती येतोय. त्याने हात कपाळाला लावला. आता एखाद्याने काय केलं असतं? पुढे होऊन वाकून त्याचा हात आपल्या कपाळाला लावला असता. सोलिकिनने टाच आपटली आणि गंभीर चेहऱ्याने उलट सलाम केला.

पाक प्रियाम्बोदोंनी, म्हणजे प्रियाम्बोदो गुरुजींनी, ते पाहिलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला हा माणूस त्या जुन्या लढाया रस्त्यावर करून दाखवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष होता. अध्यक्षपद त्यांनी मागितलं नव्हतं, ते त्यांच्या गळ्यात पडलं होतं, कारण बाकी सगळ्यांना अधिकाऱ्याचा पोशाख हवा होता आणि बैठकीला चहा-कॉफीची सोय कोणालाच करायची नव्हती.

मंडळात तेव्हा सैनिकांपेक्षा कॅप्टन जास्त होते. ज्याने पोशाख शिवायला टाकला, तो शिंप्यालाच सांगून यायचा, खांद्यावर दोन पट्ट्या वाढव. तूही राणी मीही राणी, मग पाणी कोण आणी, अशी गत. माजी सैनिकांच्या संघटनेकडून निरोप आला की हे आवरा, नाहीतर पुढल्या वर्षी मिरवणुकीत येऊ नका. मग पाक प्रियाम्बोदोंनी नियम करायला घेतले.

बैठक त्यांच्याच ओसरीवर झाली. तळलेली केळी होती, कॉफी होती आणि उकाडा होता. पहिला नियम सोपा होता. खरी पदकं कोणी लावायची नाहीत, ती ज्यांनी मिळवली त्यांचीच. मंडळाचं स्वतःचं पितळेचं एक पदक असेल, तेही दरसाल एकालाच.

"म्हणजे बाकीच्यांच्या छात्या उघड्या?" सोलिकिन म्हणाला.

"शर्ट घाला, चाक," बू एन्दांग, म्हणजे एन्दांगबाई, म्हणाली. ती मंडळात परिचारिका व्हायची आणि घरीदारी सगळ्यांना सुई टोचल्यासारखंच बोलायची.

दुसरा नियम हुद्द्याचा. त्यावर दुपार गेली. कोणी म्हणालं, ज्याची बंदूक भारी तो मोठा. कोणी म्हणालं, वजन बघा. एकाने तर सांगितलं की त्याच्या सासरी त्याला सगळे कॅप्टन म्हणूनच ओळखतात, आता सार्जंट झालो तर जेवणाचं ताट तरी मिळेल का. प्रियाम्बोदोंचं डोकं ठणकायला लागलं. शेवटी ते म्हणाले, "हे बघा, प्रजासत्ताकाच्या पोशाखात जो जितकी वर्षं उभा राहिला, तितका त्याचा हुद्दा. सगळ्यात जुना तो कॅप्टन, एकच. मग लेफ्टनंट, मग सार्जंट. नवा माणूस साधा शिपाई. विषय संपला."

सगळ्यात जुना सोलिकिनच होता, त्यामुळे त्याने टाळी वाजवली.

"आणि शत्रूच्या पोशाखातली वर्षं?" एन्दांगने विचारलं. "जपानी होणाऱ्यांची?"

प्रियाम्बोदोंना पाठ टेकायची होती. दुसरं काहीएक नको होतं. "शत्रूला कोण बढती देतं?" ते म्हणाले.

सगळे खो खो हसले. कोपऱ्यात बसलेले को हिएनही हसले, जरा जास्तच वेळ. गेली कित्येक वर्षं मंडळाचे जपानी अधिकारी तेच होते. तान हिएन बिंग हे त्यांचं नाव, को म्हणजे दादा; दार्मो रस्त्याच्या कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान, घराणं मूळचं चिनी, पण तीन पिढ्या सुराबायात गेलेल्या. पहिल्या वर्षी प्रियाम्बोदोच त्यांच्याकडे गेले होते. को, चेहरा चालून जाईल, यंदापुरतं करा. ते यंदा काही संपलं नाही. दरसाल को हिएन लाकडी तलवार घेऊन शस्त्रांच्या कोठाराच्या खोट्या दारापुढे उभे राहायचे, दरसाल टोकदार बांबू घेतलेली पोरं त्यांच्यावर धावून यायची, आणि दरसाल ते मरायचे.

दोन दिवसांनी ते प्रियाम्बोदोंच्या दारात आले, हातात गरम बाकपावची, सारण भरून वाफवलेल्या पावांची, पिशवी.

"पाक, मला साधा शिपाई करून घ्या."

"तुम्हाला?"

"नियमच आहे ना, नवा माणूस शिपाई. मी नवाच. साठी उलटली, म्हणजे ऐंशीव्या वर्षापर्यंत सार्जंट होईन." ते हसले, मग हसणं थांबलं. "आईसाठी म्हणतोय. नव्वदी पार केलीय तिने. डॉक्टर म्हणतात, पुढचा नोव्हेंबर सांगता येत नाही."

प्रियाम्बोदोंनी खुर्ची पुढे केली.

"तिच्या थोरल्या भावाला जपान्यांनी नेलं होतं. रूळ टाकायला. गेला तो गेलाच. पहिल्या वर्षी मी तिला सांगितलंच नव्हतं काय होणार आहे ते. मिरवणूक आहे म्हणून ती हौसेने आली, नवा कबाया घालून. आणि बघते तर पोटचा पोरगा त्याच टोपीत. मग लोक ओरडले मारा, मारा, आणि मी पडलो, आणि टाळ्या. घरी आल्यावर काही बोलली नाही. पुन्हा आलीही नाही. परवा मात्र म्हणाली, हिएन, एकदा तरी तुला आपल्या बाजूला बघू दे."

आपण हे कधी विचारलंच नाही, हे प्रियाम्बोदोंना नीट कळलं. "शब्द दिला," ते म्हणाले.

शब्द देणं सोपं असतं, निभावताना जीव जातो. हिएनच्या हाताखाली जपानी होणारी चार कॉलेजची मुलं होती. शत्रूची वर्षं धरत नाहीत आणि आता आपण शिपाई, हे कळताच ती शेजारच्या मलांग शहरातल्या एका मंडळात गेली. तिथे म्हणे पोशाखाबरोबर हुद्दा मिळायचा. नोव्हेंबर तोंडावर आला आणि मंडळाकडे एकही शत्रू उरला नाही. ज्याला त्याला विचारलं. उत्तर एकच, माझं एक वर्ष फुकट जाईल. लढाई कोणाशी करणार, कोठाराच्या दाराशी?

पुन्हा बैठक, पुन्हा केळी, फक्त को हिएन नव्हते. एन्दांग म्हणाली, "मग शत्रूची वर्षंही धरा. सरळ आहे."

"धरा," दोघे-तिघे म्हणाले. सोलिकिनने मानही डोलावली. मग एन्दांगनेच मनातल्या मनात हिशेब केला. "पण मग को हिएन सगळ्यात जुने. एक वर्ष चुकलं नाही त्यांचं. कॅप्टन तेच होणार. चाक, तुम्ही त्यांच्या हाताखाली."

सोलिकिनच्या तोंडातलं केळं तोंडातच राहिलं. "जपान्याच्या हाताखाली मी?"

"अहो, ते काय जपानी आहेत का? तुमच्या नाकावरचा चष्मा त्यांनीच दिलाय ना?"

"माझं म्हणणं ते नाही. पण लोक काय म्हणतील? कॅप्टन म्हणजे कसा, आपल्यातला दिसला पाहिजे."

प्रियाम्बोदोंनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. बरी माणसं होती सगळी. हिएनच्या वडिलांना खांदा द्यायला गेलेली, ईदला त्यांच्या घरून डबे घेणारी. तरीही एकाने वर पाहिलं नाही. हात वर करायला सांगितले तेव्हा एन्दांगचा एकटीचाच वर झाला.

"सोपं आहे हो, पाक गुरू," सोलिकिन समजावणीच्या सुरात म्हणाला. "कोंना सांगा, यंदापुरतं. तुमचा शब्द ते खाली पडू देणार नाहीत."

तेच तर. नाही म्हणणाऱ्याला विचारणं सोपं असतं. हिएन हो म्हणतील हे प्रियाम्बोदोंना ठाऊक होतं. सांगून बघतो, एवढंच बोलून ते निघाले.

चष्म्याच्या दुकानामागे घर. हिएनची आई, एमाक, खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसली होती, सुरकुतल्या बोटांत सुई, मांडीवर मळखाऊ रंगाचा शिपायाचा शर्ट. लाल-पांढरी पट्टी लावत होती. सगळे तिला एमाकच म्हणायचे.

"गुरुजी, बरे आलात. ही डावीकडे लावायची की उजवीकडे? ह्याला विचारलं तर म्हणतो, कुठेही लाव."

"डावीकडे, एमाक. छातीवर."

"तेच म्हटलं मी." तिने दातांनी दोरा तोडला.

प्रियाम्बोदो हिएनच्या मागोमाग दुकानात आले. चष्म्यांच्या काचा न्याहाळू लागले.

"कोणी मिळालं नाही ना?" हिएननी हळूच विचारलं. "मला वाटलंच होतं. असू दे, पाक. आईला सांगेन काहीतरी."

"तुमचा जुना पोशाख कुठाय?"

"आहे की. इस्त्री करून ठेवलाय."

"मला कमरेत होईल का?"

हिएन बघतच राहिले. "तुम्ही? पाक, लोक केळ्याची सालं मारतात."

"माहीत आहे."

"नाही," हिएन म्हणाले. "तुम्हाला माहीत नाही."

पोशाख कमरेत झाला नाही. एन्दांगने मागून पिन लावली.

वीरदिनाला सकाळी नऊलाच डांबर भाजत होतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं, खांद्यांवर पोरं, बर्फाच्या सरबताच्या गाड्या. प्लायवुडच्या कोठारापुढे प्रियाम्बोदो एकटेच उभे राहिले. कानांवर लोंबणाऱ्या फडक्यांची ती टोपी, हातात लाकडी तलवार. अख्ख्या जपानी सैन्यात ते एकटे. लोक हसायला लागले. त्यांचा एक जुना विद्यार्थी ओरडला, "पाक गुरू, आज तुम्हीच नापास!"

पलीकडून मंडळ आलं. सगळ्यात पुढे कॅप्टन सोलिकिन, छातीवर आज काहीच नाही म्हणून जरा ओकाबोका. त्याने तलवार उपसली. "पुढे व्हा!" तो गरजला आणि जागीच थांबला, कारण कॅप्टनने हुकूम द्यायचा असतो. लेफ्टनंट सार्जंटांकडे वळून ओरडले, पुढे व्हा. सार्जंट मागे वळून ओरडले, पुढे व्हा. पण सार्जंटांच्या मागे अख्खी पलटण म्हणून एकच माणूस उभा होता.

को हिएन धावत सुटले. साठी उलटलेलं शरीर, सुटलेलं पोट, डोक्याला लाल-पांढरी पट्टी, चष्मा सुतळीने कानामागे बांधलेला. हातात टोकदार बांबू. सगळ्या हुद्देदारांना मागे टाकून तो एकटा माणूस रस्त्याच्या मधोमध धापा टाकत येत होता. लोक आधी चिडीचूप झाले. मग कोणीतरी स्वातंत्र्याची जुनी आरोळी ठोकली, "मेर्देका!" आणि सगळा रस्ता त्याच्या बाजूने ओरडायला लागला. प्रियाम्बोदोंनी पाहिलं, हिएनच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बांबू छातीला लागला, अगदी अलगद.

"माफ करा, पाक," हिएन पुटपुटले.

प्रियाम्बोदो पडले.

आणि मग टाळ्या आल्या. शिट्ट्या आल्या. एक साल गालावर बसलं, दुसरं कानावर. ज्या पोरांना त्यांनी जन्मभर हाच इतिहास शिकवला होता, त्यांची पोरं आनंदाने उड्या मारत होती, मेला, मेला म्हणत. नाटक आहे हे त्यांना ठाऊक होतं. इथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी प्रियाम्बोदोंना रडू फुटेलसं झालं, कारण तो आनंद अगदी खरा होता. डांबराची आग शर्टातून पाठीत शिरत होती. वर मंचावर पाहुण्यांचं भाषण सुरू झालं. दरसाल एका तरी पाहुण्याला ते स्वतःच म्हणायचे, घ्या सावकाश, घाई नाही.

चाकांची खुर्ची कुरकुरत जवळ आली. मिटल्या पापण्यांआडूनही त्यांना कळलं, एमाक.

तिने आधी मुलाचा चेहरा चाचपला असावा, कारण हिएन म्हणाले, "मा, पुरे. लोक बघतायत."

"बघू देत." मग ती म्हणाली, "ह्यांना उठव आता. रस्ता तापलाय."

"भाषणं संपल्याशिवाय मेलेल्याने उठायचं नसतं, मा. मंडळाचा नियम आहे."

"तूही असाच पडून राहायचास? इतकी वर्षं?"

"हो."

"आणि कोणी उठवलं नाही तुला?"

पाक प्रियाम्बोदो डोळे मिटून पडून राहिले. मेलेल्याने बोलायचं नसतं, आणि ते बरंच होतं, कारण त्या म्हातारीला सांगण्यासारखं त्यांच्यापाशी काही नव्हतं.